डावं पान

मोहने गावातल्या शाळेत एमिलियाबाईंचा आवाज चढलेला कोणी कधी ऐकला नाही, आणि त्यांना कोणी गप्प बसवल्याचंही कोणाला आठवत नाही. बाई चणीने लहान, वय छपन्न, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, छत्री आणि दोनशे पानांची एक वही. पुढे जे रामायण घडलं ते सगळं त्या वहीपायी.

ठाण्यापासून मोहन्यापर्यंत नऊ मराठी प्राथमिक शाळा चालवणारी एक संस्था आहे. तिचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. घेतलं तर तिची पाटी फुकटात रंगवून दिल्यासारखं होईल. ऑफिस नौपाड्यात, शिक्षक अडतीस. हे अडतीस जण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मोहन्याच्या शाळेत जमतात आणि त्याला प्रशिक्षण म्हणतात. आता प्रशिक्षण म्हणजे आपल्याकडे काय असतं ते कोणत्याही शिक्षकाला विचारा. पडदा, प्रोजेक्टर, चहा, दोन बिस्किटं, हजेरीची सही. पडद्यावरचा माणूस सांगतो की मुलांना बोलतं करा, आणि समोर शे-दीडशे शिक्षक दिवसभर हाताची घडी घालून ते ऐकतात.

एमिलियाबाई संस्थेच्या मार्गदर्शक शिक्षिका झाल्या तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पडदा गुंडाळून कपाटावर टाकला. त्यांच्या शनिवारी प्रत्येकाने महिन्याभरात फसलेला एक पाठ घेऊन यायचं. वही उघडायची. डाव्या पानावर लिहायचं: तारीख, इयत्ता, काय शिकवायला गेलो, कुठे आपटलो. मग सगळ्यांनी डोकं लावायचं. तो पाठ पुन्हा घ्यायचा आणि काय झालं ते उजव्या पानावर लिहायचं. तोवर उजवं पान कोरं. काही पानं दोन-दोन वर्षं कोरी राहिली आणि त्याची लाज कोणी कोणाला वाटू दिली नाही. पहिलं पान दर वेळी बाईंचं स्वतःचं असायचं.

नियम तीनच. पान ज्याचं त्याचं. वहीतलं खोलीबाहेर जाणार नाही. आणि पानावर नाव लिहायचं. या तिसऱ्या नियमावर सुरुवातीला बरीच कुरकुर झाली होती. "निनावी चूक कोणी दुरुस्त करत नाही," बाई म्हणाल्या आणि विषय संपला. हाच नियम एक दिवस अंगावर येणार आहे हे त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं?

बाईंना हे खूळ लागलं कसं, तेही सांगायला हवं.

एमिलिया ठाण्याच्या खाडीकडच्या एका गावठाणातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी. घरी भातशेती, रविवारी चर्च, आणि बोली अशी की डी.एड.च्या वर्गात पहिल्या दिवशी तोंड उघडलं तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिने ती ऐकली, खाली बसली नाही आणि वाक्य पुरं केलं. हा स्वभाव तेव्हापासूनचा. पॉल मिस्किटांशी लग्न होऊन ती मोहन्याला आली, कारण पॉल तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. एक्याण्णव साली ती इथल्याच शाळेत लागली.

नोकरीवरचं तिचं पहिलं प्रशिक्षण त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत उरकलं.

"बाई, तपासणीला साहेब येतील. तुम्ही प्रश्न विचारायचा, सगळ्या मुलांनी हात वर करायचे. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. तुम्ही फक्त उजव्यांना विचारायचं. साहेबाला काय, नुसते हात दिसतात."

बावीस वर्षांच्या पोरीने ते ऐकलं आणि केलं. साहेब खूश झाले. वर्गात सगुणा नावाची मुलगी होती, तिचा डावा हात सगळ्यांत ताठ असायचा. पहिलीत डावा, दुसरीत डावा, चौथीतही डावा. चौथी पास होऊन सगुणा गेली.

ती परत आली दोन हजार आठ साली, आपल्या मुलीचं नाव पहिलीत घालायला. एमिलियाबाईंनी ओळखलं, खुर्ची दिली, फॉर्म पुढे केला आणि म्हणाल्या, "वाच आणि सही कर."

"बाई, मला कुठे येतं?" सगुणा हसत म्हणाली. तिने शाईचा पॅड जवळ ओढला आणि डाव्या हाताचा अंगठा टेकवला. मग जाता जाता मनापासून म्हणाली, "तुमचा वर्ग मला लय आवडायचा हां बाई. तुम्ही मला कधी काही विचारलंच नाही."

त्या संध्याकाळी बाई जेवल्या नाहीत. कोणी थोबाडीत मारली असती तर त्यांनी उलटून दोन सुनावल्या असत्या. पण सगुणेने आभार मानले होते, त्याला उत्तर काय देणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहन्याच्या नाक्यावरून वही आणली आणि डाव्या पानावर पहिला फसलेला पाठ लिहिला. "सगुणा. चार वर्षं. मी विचारलं नाही." खाली नाव लिहिलं, एमिलिया पॉल मिस्किटा. समोरचं उजवं पान अजून कोरं आहे.

आता हेमांगीकडे येऊ. हेमांगी डोंबिवलीची, सव्वीस वर्षांची, मोहन्याच्याच शाळेत दुसरीवर. शिक्षण सेवक म्हणून लागली होती. म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं आणि तिसरं वर्ष भरलं की संस्थेकडून कायम झाल्याचं पत्र मिळायचं, संस्थेची मर्जी असेल तर. तिचं तिसरं वर्ष येत्या जूनमध्ये भरत होतं. वडिलांचं दुकान बंद पडलेलं, धाकटा भाऊ शिकत होता. त्या पत्रावर घर टांगलेलं होतं.

फेब्रुवारीतल्या शनिवारी हेमांगीने पान लिहिलं. हातच्याची वजाबाकी. बेचाळीसातून सतरा. तिने आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून केले होते, रंगवले होते, रात्री जागून. चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडला, बारातून सात गेले पाच. मुलं अगदी डोळे विस्फारून बघत होती. मग वह्या काढल्या. चौतीसपैकी एकतीस मुलांनी उत्तर लिहिलं, पस्तीस. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.

"बाई, मी एवढी मेहनत केलेली," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "काड्या कलर केल्या, स्टोरी बनवली, सगळं. तरी पस्तीस!"

"गठ्ठा कोणी सोडला?" एमिलियाबाईंनी विचारलं.

"मीच."

"आणि पोरांनी काय केलं?"

 हेमांगीने वही ओढली आणि डाव्या पानाच्या तळाशी लिहिलं, "गठ्ठा मी सोडला. मुलांनी फक्त बघितलं." खोलीत सदतीस जण होते आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी आपापले सोडलेले गठ्ठे आठवले असतील. यापेक्षा मोठं प्रशिक्षण पडद्यावर कधी होत नाही.

पुढच्याच आठवड्यात तिने पाठ पुन्हा घेतला. काड्या मुलांच्या हातात, रबर मुलांनी काढायचे. वर्गभर काड्या सांडल्या, दोघांची मारामारी झाली, एका पोराने रबर शेजाऱ्याच्या कानाला लावला. आणि चौतीसपैकी अठ्ठावीस जणांनी पंचवीस लिहिलं. उजवं पान भरलं. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण त्या शनिवारी एमिलियाबाईंच्या हातून एक चूक झाली होती. संस्थेला आता एक कंपनी मदत करत होती आणि कंपनीला प्रत्येक प्रशिक्षणाचा फोटो लागायचा, जागा-वेळेसकट. बाईंनी नेहमीप्रमाणे खोलीचा फोटो काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला. टेबलावर वही उघडी होती. एरवी त्या तिच्यावर फडकं टाकत, त्या दिवशी राहून गेलं. कंपनीच्या माणसाने फोटो बोटांनी मोठा केला, तर पान अख्खं वाचता येत होतं: हेमांगीचं नाव, दुसरी, चौतीसपैकी एकतीस. आणि त्याच महिन्यात नौपाड्याच्या ऑफिसने कंपनीला कळवलं होतं की दुसरीची शंभर टक्के मुलं वजाबाकीत पारंगत झाली.

दुसऱ्या पाठानंतरच्या सोमवारी ऑफिसचं पत्र आलं. वही तात्काळ जमा करावी. तिच्यात नावं असलेल्या शिक्षकांचा आढावा घेण्यात येईल. संबंधित शिक्षण सेविकेचा कायम करण्याचा प्रस्ताव तूर्त स्थगित.

हेमांगी पत्र घेऊन धावतच आली. "बाई, उजवं पान दाखवा ना! अठ्ठावीस जणांना आलंय, त्यात लिहिलंय सगळं. एक फोटो पाठवा, मॅटर क्लोज!"

"नाही पाठवणार."

"का?"

"आज तुझं चांगलं उजवं पान दाखवलं, तर उद्या ज्याचं उजवं कोरं आहे त्याला काय सांगू? अडतीस जणांनी मला विश्वासाने लिहून दिलंय."

हेमांगीचे डोळे भरले, पण ती रडली नाही, भडकली. "तुम्हाला काय जातंय बोलायला? दोन वर्षांनी तुम्ही रिटायर. तुमची तत्त्वं तुमच्या पेन्शनवर चालतात, बाई. माझं घर त्या पत्रावर चालणार आहे. आणि फोटो मी नाही टाकलेला, तुम्ही टाकला!"

खरं बोलली पोरगी.  एमिलियाबाईंनी पिशवीतून वही काढली, पट्टी लावली आणि ब्लेडने हेमांगीचं पान आणि त्याच्या समोरचं पान सफाईने कापलं.

"पान ज्याचं त्याचं. ही घे तुझी. दाखव, फाड, फ्रेम करून लाव, तुझी मर्जी. बाकीची वही मी देणार नाही."

हेमांगीने पानं पर्समध्ये घातली आणि निघून गेली.

घरी पॉलकाका मागच्या अंगणात टोमॅटोला काठ्या लावत होते. कारखाना बंद पडल्यापासून हा त्यांचा कारखाना. बायकोचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "मग? देणार वही?"

"मेले तरी नाही."

"मग जाऊन तसं तोंडावर सांग. पत्रं लिहीत बसू नकोस."

बाई आत गेल्या आणि कपाट उघडून काहीतरी शोधत बसल्या. बऱ्याच वेळाने डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला तेव्हा पॉलकाकांनी खिडकीतून डोकावलं. बाईंच्या मांडीवर दोन हजार सोळा सालची वही होती आणि शेजारी एक शाल. पॉलकाका काय ते समजले आणि बराच वेळ एकटेच हसत राहिले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नौपाड्याला बोलावणं आलं, दोघींनाही. ऑफिस जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. जिन्यात हेमांगी भेटली, पण तिने नजर दिली नाही. आत सचिव श्रीपादराव बसले होते. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. गृहस्थ सुशिक्षित, शब्द तोलून बोलणारे, बिनपगारी संस्थेचं काम करणारे. चांगली माणसं खोट्याला हात लावतात तेव्हा ती जास्त अवघड होतात, कारण त्यांच्याकडे कारण असतं.

"बसा, बाई. चहा सांगितला आहे," श्रीपादराव म्हणाले. "मला तुमच्याविषयी आदरच आहे. पण वही तुम्ही आणलेली दिसत नाही."

"नाही आणली."

"आपल्या आजूबाजूच्या मराठी शाळा एकेक करून बंद पडताहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. कंपनीने हात काढून घेतला तर आपल्या नऊपैकी चार उरतील. मुलं कुठे जातील, याचा विचार केलात?"

"केला. चारच उरल्या तरी त्या चारात मुलांना वजाबाकी येऊ दे की. शंभर टक्के लिहिलेल्या नऊ शाळांतून नऊ वर्गभर सगुणा बाहेर पडल्या, तर शाळा टिकली असं म्हणायचं का आपण?"

"कोण सगुणा?"

"आहे एक. तपासणीत ती पास होती."

श्रीपादरावांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. मी तुम्हाला सोपा मार्ग देतो. ते पान म्हणजे प्रशिक्षणासाठी केलेला काल्पनिक नमुना होता, प्रत्यक्ष वर्गाशी त्याचा संबंध नाही, एवढं तुम्ही लिहून द्या. हेमांगीताईंचं पत्र मी आजच काढतो. नाहीतर मला पान बघावं लागेल, मग सगळीच पानं बघावी लागतील, आणि ज्यांचे पाठ फसले त्यांना नोटिसा द्याव्या लागतील."

दोन ओळींचं खोटं. तेवढ्यावर पोरीचं घर वाचत होतं.  एमिलियाबाईंनी हेमांगीकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण पाहिलं असतं तर कदाचित त्यांनी सही केली असती. त्यांनी पिशवीत हात घातला आणि आधी अकरा पानं टेबलावर ठेवली. मग प्लास्टिकच्या पिशवीतून शाल काढली आणि पानांवर ठेवली. डांबराच्या गोळीचा वास खोलीभर झाला.

"हे काय?"

"ही माझी पानं आहेत. माझी आहेत म्हणून आणली. दोन हजार सोळा सालची. अकरा महिने, अकरा फसलेले पाठ. खाली नाव आहे, वाचा. त्याच वर्षी, याच खोलीत, तुम्ही मला आदर्श शिक्षिका म्हणून ही शाल दिली होती. फसलेल्या पाठाला नोटीस असेल तर पहिली मला द्या. आणि नोटीस देण्याआधी शाल परत घ्या. नारळ परत करता येणार नाही, त्याची त्याच आठवड्यात कढी झाली. मिस्टर साक्षीला आहेत."

चहा घेऊन आलेल्या शिपाई विमलाबाई दारातच थबकल्या. श्रीपादरावांनी शालीला हात लावला नाही आणि पानांनाही लावला नाही. वरच्या पानावर वेलांट्या घोटून घोटून लिहिलेलं होतं, "तिसरी. घड्याळ शिकवलं. कोणालाच कळलं नाही. मुलांच्या घरी काट्यांचं घड्याळच नाही, हे मी विचारलं नव्हतं."

"बाई, हा हट्ट आहे," ते म्हणाले.

"आहे."

श्रीपादराव हेमांगीकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही तरुण आहात. तुमचं पान तुमच्याकडे आहे असं कळलं. त्याची दुसरी बाजू चांगली आहे, असंही ऐकतो. दाखवा ना."

हेमांगीने पर्सची चेन उघडली. एमिलियाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कोणाचा तरी रिक्षावाल्याशी वाद चालला होता.

"सर, एक विचारू?" हेमांगी म्हणाली. "हे बघितल्यावर तुम्ही बाकीच्यांची पण मागणार ना?"

"अर्थात. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं कसं करता येईल?"

"मग नाही दाखवत." तिने चेन लावली.  "आणि तो नमुना-बिमुना काही नव्हता, सर. माझा पाठ खरंच फसलेला. एकतीस जणांनी पस्तीस लिहिलेलं. मी मोजलेले."

 जिना उतरून खाली आल्यावर हेमांगी एकदम म्हणाली, "घरी काय सांगू मी आता?" आणि मग रस्त्यातच रडली. बाईंनी तिला शेजारच्या दुकानात नेऊन पियूष पाजलं. दुसरं त्या काय करणार होत्या? शाल मात्र त्यांनी टेबलावरच सोडली होती.

आठवड्याने दोन पत्रं आली. हेमांगीचा प्रस्ताव स्थगितच. आणि मार्गदर्शक शिक्षिका हे पदच रद्द. श्रीमती मिस्किटा यांनी पहिलीचा वर्ग सांभाळावा. यापुढे मासिक प्रशिक्षण ऑफिसने पाठवलेल्या व्हिडिओद्वारे होईल, फोटो बंधनकारक.

एप्रिलचा शेवटचा शनिवार आला. कपाटावरचा पडदा खाली उतरला, धूळ झटकली गेली. एमिलियाबाई साध्या शिक्षिकेसारख्या शेवटच्या बाकावर येऊन बसल्या, मांडीवर पिशवी. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. कोणाला काही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ दीड तास चालला. त्यात छान कपडे घातलेल्या एका मुलीने गठ्ठे सोडून दाखवले, फार सुंदर सोडले. अडतीस जणांनी ते बघितले.

व्हिडिओ संपला, दिवे लागले. आता फोटो. अशा वेळी सगळे पडद्यासमोर उभे राहून दात दाखवतात. त्या दिवशी कोणी उठेना. मग हेमांगी उठली. तिने पर्समधून पानं काढली, टेबलावर पसरली, मोबाईल धरला आणि फोटो काढला. फक्त डाव्या पानाचा. उजवं तिने हाताने झाकलं होतं. फोटो ग्रुपवर गेला. खाली तिने लिहिलं, "आजच्या प्रशिक्षणाचा फोटो. नाव वाचता येतंय ना?"

खोलीभर मोबाईल किणकिणले.  मग ठाण्याच्या शाळेतले ओवेनसर, जे सतरा वर्षांच्या नोकरीत स्वतःहून कधी बोलले नव्हते, ते शेवटच्या बाकापाशी आले आणि हात पुढे करून म्हणाले, "बाई, जरा वही द्या. माझं पान हवंय."

त्यांच्यामागे उत्तराबाई आल्या. मग आणखी दोघं. वही हातोहात फिरली आणि जो तो आपलं पान शोधून त्याचा फोटो काढायला लागला. अपूर्णांक. जोडाक्षरं. दिशा. पाढे. डावी पानं, नावासकट. सगळ्यांनी टाकलं असं मी म्हणणार नाही. अडतीसपैकी बावीस जणांनी टाकलं, आणि एकाने टाकून पाच मिनिटांनी काढून घेतलं. त्याला कोणी काही बोललं नाही. तशी पद्धतच नव्हती तिथे.

एमिलियाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांना मार्गदर्शक पदावरून काढलं होतं, वर्षानुवर्षं सांभाळलेली वही त्यांच्या डोळ्यांदेखत खोलीभर फिरत होती, आणि आयुष्यात इतका आनंद त्यांना क्वचितच झाला असेल. वही फिरून त्यांच्या हातात परत आली. ती मिटून त्यांनी पिशवीच्या तळाशी हात घातला आणि सगळ्यांत जुनी, कोपरे झिजलेली वही काढली. पहिलं पान उघडलं. सगुणा, चार वर्षं. फोटो काढला आणि पाठवला.

ग्रुपवर श्रीपादराव होते, कंपनीचा माणूस होता. सगळ्या फोटोंखाली निळ्या खुणा उमटल्या. नेहमी फोटोखाली ऑफिसकडून "उत्तम!" असं यायचं. त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. नोटीस काढायची तर तेवीस काढायला हव्या होत्या, तेवीस वर्ग रिकामे पडले असते, आणि आठ वर्षांपूर्वीच्या त्या शालीचं काय करायचं हाही प्रश्न होताच.

जूनमध्ये हेमांगीचं पत्र आलं, कायम झाल्याचं, दोन ओळींचं, कारण न देता. ती ते घेऊन आली तेव्हा बाई पहिलीच्या पोरांच्या गराड्यात जमिनीवर बसलेल्या होत्या. मार्गदर्शकाचं पद काही परत मिळालं नाही. कंपनीने पुढच्या वर्षाचं अजून कळवलेलं नाही; पाच शाळा जातील की राहतील हे आजही कोणी सांगू शकत नाही. शनिवारी मात्र व्हिडिओ संपला की पडदा पुन्हा कपाटावर जातो आणि वही निघते.

त्या महिन्यात पहिलं पान नेहमीसारखं एमिलियाबाईंचं होतं. त्यांनी डाव्या पानावर लिहिलं, "फेब्रुवारीत फोटो काढताना वही झाकायची राहिली. हेमांगीचं पान बाहेर गेलं. चूक माझी." खाली नाव लिहिलं.

मग समोरच्या उजव्या पानावर एप्रिलची तारीख घातली आणि लिहिलं, "पुन्हा फोटो काढला. या वेळी वही झाकली नाही."